अणूची बदली

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरायचा कोणावरच विश्वास नव्हता. हॉटेलातला पाण्याचा ग्लास ते आधी उन्हाकडं धरून पाहत, मंग वास घेत, मंग अर्धं पाणी सांडत अन् उरलेलं पीत. सांडत काऊन, हे मले समजे ना. एकदा विचारलं तं म्हणाले, "वरचं पाणी दाखवाचं असते, खालचं पिवाचं." याचा अर्थ मले अजूनही लागला नाही, पण त्याच्यानंतर महिनाभर मीही सांडूनच पिलो.

प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट अन् एक टेबल. कपाटाले दोन कुलपं, दोन्हीच्या चाव्या सरायच्या करदोड्याले. स्पिरिटच्या बाटलीवर पातळीपाशी कागदाची पट्टी चिकटवलेली. रोज सकाळी पट्टी अन् स्पिरिट जुळवून पाहत. स्पिरिट आपोआप उडते हे पोट्ट्यायले शिकवणारे तेच, पण कपाटापुढं उभे राह्यले की त्यायले शिपायाचा संशय येई. "उडते हे खरं. पण उडून कुठी गेलं, हे पाहा लागते," असं म्हणत अन् बिचाऱ्या शिपायाच्या तोंडाचा वास घेत.

पोट्टे मागून त्यायले 'पंचनामा सर' म्हणत.

मी तवा नुकताच मास्तर झालो होतो, मराठीचा. मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. मले एकच काम मनापासून येत होतं, नकला. हेडमास्तरची, पोस्टमनची, मोताळ्याच्या एसटीतल्या कंडक्टरची, समद्यायची. पंचनामा सरायची नक्कल तं स्टाफरूममध्ये चहाच्या आधी लागे. मान तिरपी कराची, उजवा डोळा बारीक कराचा अन् नाकातून म्हणाचं, "याचं गाव कोणतं? याचा बाप कोण?"

ते हे कोणाही माणसाले विचारत नसत, शब्दाले विचारत. धड्यात नवीन शब्द आला की सर तो फळ्यावर लिहीत, चार पावलं मागं सरत, अन् वेशीवर अनोळखी माणूस दिसल्यासारखं त्याच्याकडं पाहत.

"आम्ल. गाव?"

वर्ग म्हणे, "संस्कृत."

"बाप?"

"आंबट."

"कामधंदा?"

"निळा लिटमस लाल करणं."

"येऊ द्या आत."

तापमापकाले ते फार विचारत नसत. "हे घरचं पोरगं हाय. ताप मापते, नावच सांगून राह्यलं." पण एखाद्या शब्दाचा पत्ता लागला नाही तं तो फळ्याच्या कोपऱ्यात पडून राही, चौकोनात कोंडलेला. फळा पुसणाऱ्या पोट्ट्याले ताकीद होती, चौकोन पुसाचा नाही.

खिशात त्यायच्या नेहमी एक चुंबक असे, घोड्याच्या नालीसारखं, लाल रंग उडालेलं. शेगावले दर्शनाले गेले तवा बाजारात पितळी लोटा घेतला. दुकानदार म्हणे अस्सल पितळ. सरायनं चुंबक काढून लोट्याच्या बुडाले लावलं. टक. चिकटलं. दुकानदारानं लोटा परत घेतला अन् दुसरा देला. सरायनं त्यालेही लावलं. मंग तिसऱ्याले. सरायच्या बायकोनं मले सांगितलं, "त्या दिवशी दर्शन राह्यलं बाबू, अन् त्या दुकानातल्या समद्या लोट्यायचं लग्न त्या चुंबकासंग लागलं."

ह्याच चुंबकानं घात केला तो पोरीच्या लग्नाच्या वक्ताले. पाव्हणे पोरगी पाहाले आले. मुलाच्या हातात चमकणारी घडी. सरायले ती सोन्याची आहे का मुलाम्याची, हा संशय आला. चहा देता देता चुंबक हळूच मनगटापाशी नेलं. चिकटलं नाही, पण घडी बंद पडली. मुलाच्या बापानं घडी कानाले लावली, हलवली, अन् म्हणे, "आत्ताच तं चालू होती." सर म्हणाले, "वरून सोनं हाय, आत लोखंड हाय. माणूस असाच पाह्यजे." हे त्यायनं सावरासाठी म्हटलं का मनापासून, कोण जाणे. लग्न जमलं. जावयाची घडी मात्र शेवटपर्यंत मागंच चालली.

तं असा माणूस. अन् त्याच्या वर्गात एक दिवस अणूची बदली होऊन आली.

झालं असं. आमचा भाग आधी नागपूरवाल्या राज्यात होता. सर तिथीच शिकले अन् तिथलीच पुस्तकं वर्षानुवर्षं शिकवत आले. त्या पुस्तकात सगळ्यात बारीक कणाले परमाणू म्हणत. परमाणू एकमेकाले धरून जो जुडगा होते, त्याले अणू. पाण्याचा एक अणू म्हणजे हायड्रोजनचे दोन परमाणू अन् ऑक्सिजनचा एक. मंग महाराष्ट्र झाला. काही वर्षांनी नवीन पुस्तकं आली. त्यात परमाणू नावाचा इसमच नव्हता. सगळ्यात बारीक तो आता अणू, अन् जुडग्याले नाव रेणू.

सर पुस्तक घेऊन माह्याकडं आले. पुस्तक उन्हाकडं धरून पाह्यलेलं होतं, ते मले गरम पानायवरून समजलं.

"तू मराठीचा ना बे? हे पाय. काल हा अणू बायको-पोरं घेऊन राहत होता. आज हे म्हणतात तो सडाफटिंग हाय. अन् परमाणूले तं नोटीस न देता घरी बसवला. ही बदली कोणी केली?"

"सर, शब्द आहे. बदलते."

"शब्द बदलत नसते. बदलवणारा असते. तो कोण हाय, ते पाहाचं."

"पुण्याकडं म्हणतात असं."

"म्हणत असतीन. पण आमाले कोणी विचारलं?" मंग आवाज खाली आणून म्हणाले, "अन् हा रेणू कोण हाय? याले मी ओळखत नाही."

फळ्याच्या कोपऱ्यात चौकोन पडला. चौकोनात रेणू.

आता शब्द कोंडून ठेवला तरी परीक्षा थांबत नाही. मॅट्रिकच्या पोट्ट्यायनं आठवी-नववीत जुनं शिकलेलं, आता नवीन पुस्तक. एखाद्यानं 'पाण्याचा अणू' लिहिलं की तपासणारा पूर्ण उत्तरावर काट मारणार. हेडमास्तरनं सरायले बोलावून सांगितलं, "सर, इन्स्पेक्शन येऊन राह्यलं. साहेब पुण्याकडचे आहेत म्हणतात. तुमच्या वर्गात नवीन शब्द दिसले नाही तं मॅट्रिकचा वर्ग मी तुमच्याकडं ठेवू शकत नाही. मले वरून विचारतीन."

"मंग मले काय देता?"

"पाचवीचं बागकाम रिकामं हाय."

सरायले रिटायर व्हाले दोन वर्षं होते. ते बाहेर येऊन मले म्हणाले, "कोबी लावाले मी नागपूरले शिकलो नाही." मंग डोळा बारीक करून म्हणाले, "हेडमास्तरचा भाचा बीएस्सी झाला हाय, माहीत हाय काय तुले?"

मले माहीत होतं. साऱ्या गावाले माहीत होतं. भाचा तिकडं मलकापुरात दिवसभर स्टेशनवर पेपर वाचत बसे, अन् पेपरात नोकरीचं पानच पाहे म्हणत. सरायचा संशय खरा का खोटा, हे मी सांगू शकत नाही. पण त्या दिवसापासून मलेही हेडमास्तरच्या हसण्यात भाचा दिसाले लागला.

गावात अणू तवा सगळीकडं झाला होता. पेपरात अणुबॉम्ब, रेडिओवर अणुशक्ती. स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं तं मिरची भरून भजे काढले अन् पाटीवर लिहिलं, अणुभजे. सर मले घेऊन तिथं गेले. बाकावर बसले, एक भजं हातात घेतलं, फोडलं, आत पाह्यलं.

"यात अणू कुठी हाय?"

"सर, तुम्हीच तं सांगता, सगळ्यातच असते म्हणून."

"मंग साध्या भज्याले काऊन नाही लिहिलं?"

हॉटेलवाला झारा हातात धरून विचार करत उभा राह्यला. "साध्यानं डोयात पाणी येत नाही, सर."

सरायनं भजं खाल्लं. डोयात पाणी आलं. पाणी पुसत म्हणाले, "बरं हाय. याचा धंदा तरी कायचा हाय, समजलं. तो पुस्तकवाला रेणू कोणता धंदा करते, ते सांगत नाही."

हेडमास्तरनं तालीम ठेवली. शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये मी साहेब झालो. पुण्याचा माणूस मी जवळून पाह्यला नव्हता, रेडिओवर ऐकला होता. पायावर पाय टाकला, नाकावर चष्मा ओढला. "हं. मग गुरुजी, रेणू म्हणजे काय, ते जरा सांगता का?"

सर म्हणाले, "आधी तुम्ही सांगा, काऊन विचारून राह्यले? तुमाले येत नाही काय?"

हेडमास्तरनं कपाळ धरलं. "सर, साहेबाले उलटं विचाराचं नाही."

"अन् सुलटं विचारलं तं?"

"कसंच विचाराचं नाही. तुम्ही फक्त सांगाचं."

दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं. शेवटी सरायनं एरंडेल घेतल्यासारखं डोळे मिटून एका दमात म्हटलं, "अनेक अणू एकत्र येऊन रेणू तयार होतो." मंग डोळे उघडून आम्हा दोघांकडं पाह्यलं. "हे मी बोललो. पण मी याले ओळखत नाही."

हसण्यासारखं होतं, अन् मी नेहमी हसतो. पण त्या दिवशी त्यायचा आवाज नकलेत पकडता येईना, असा निघाला होता. मी शब्दकोश काढला. रेणू म्हणजे धूळ. सरायले सांगितलं तं म्हणाले, "धूळ तं मी रोज फडक्यानं पुसतो. ती दिसते. पुस्तकातला दिसत नाही. दुसरा कोणी असंन."

मंग रविवारी मी त्यायले देवळात पोथी सांगणाऱ्या महाराजाकडं नेलं. महाराज म्हातारे, ऐकू कमी येई, पण पोथी पाठ. प्रश्न तीनदा ओरडून विचारला. महाराज म्हणाले, "त्रसरेणू म्हणा की. झरोक्यातून ऊन आलं म्हणजे त्यात जो नाचतो, तो कण. जुन्या पोथीत माप दिलं आहे. दोन परमाणूंचा अणू. तीन अणूंचा त्रसरेणू."

सरायचा बारीक डोळा मोठा झाला. तसा मी आधी कधी पाह्यला नव्हता.

महाराजाले वाटलं सर भारावले. ते म्हणाले, "पाहा, आपल्या लोकांना सगळं आधीच ठाऊक होतं."

"ठाऊक होतं तं पाण्यात दोन वायू हायेत, हे काऊन नाही लिहिलं?" सर म्हणाले. "शब्दायची भांडी होती महाराज. माल मागून भरला." महाराजाले ऐकू आलं नाही, म्हणून त्यायनं प्रसाद देला. सरायनं खडीसाखर उन्हाकडं धरून पाह्यली अन् खाल्ली.

परत येता येता नाल्याजवळ थांबले अन् काडीनं मातीत तीन रेघा मारल्या, खाली-वर. "हे पाय. तीन पायऱ्या. परमाणू, अणू, रेणू. नागपूरवाले खालच्या दोन पायऱ्यांवर बसले. पुणेवाले वरच्या दोन पायऱ्यांवर. बदली नाही झाली बे. अणू मधातच होता, तिथीच हाय. बाकीच्यायनंच जागा बदलल्या."

"मंग आता विश्वास बसला?"

"अर्धा. पोथीत लिहिलेलं मी आपल्या डोयानं पाह्यलं नाही."

इन्स्पेक्शनचा दिवस उजाडला. हेडमास्तरच्या ऑफिसात भाचा बसलेला, नवीन पॅन्ट, केसाले तेल. मले म्हणे, "सहजच आलो, मामाले भेटाले." सरायनं त्याच्याकडं पाह्यलं, ऑफिसातल्या कॅलेंडरकडं पाह्यलं, अन् काही न बोलता वर्गात गेले.

जीप आली. साहेब उतरले, ठेंगणे, घामाघूम. हेडमास्तर त्यायले घेऊन मॅट्रिकच्या वर्गापाशी आले अन् दारातच थिजले. वर्गात अंधार होता. खिडक्यायले पोते लावलेले. टिनाच्या छपराले खिळ्याचं एक भोक होतं, पावसाळ्यात ज्याच्याखाली आम्ही बादली ठेवत असू. त्यातून उन्हाची एक काठी तिरपी खाली आली होती. अन् काठीच्या खाली एक पोट्टा टेबलावर डस्टर हाणून राह्यला होता.

साहेब आत गेले अन् खोकाले लागले. "हे काय चाललं आहे?"

अंधारातून सरायचा आवाज आला. "रेणूची ओळखपरेड हाय साहेब. बसा. डावीकडं बाक हाय, उजवीकडं खिळा."

साहेब बसले. मी दारात हेडमास्तरच्या मागं उभा. मले हेडमास्तरचा श्वास ऐकू येत होता.

"पोट्टेहो," सर म्हणाले, "हे उन्हात नाचून राह्यलं, याले जुने लोक रेणू म्हणत. डोयाले दिसते त्यातलं हे सगळ्यात बारीक. नव्या पुस्तकानं याचं नाव उचललं अन् एका अशा चीजेले देलं, जे दिसत नाही. मंग पुस्तक चुकलं काय?"

"नाही," वर्ग म्हणाला.

"काऊन नाही?"

"नाव जुनं, काम नवं."

"काम काय?"

"अणू एकमेकाले धरून ठेवतात, तो जुडगा."

"गाव?"

"पोथी."

"बाप?"

"धूळ."

"येऊ द्या आत." अंधारात फळ्यावर डस्टर फिरल्याचा आवाज आला. चौकोन पुसला गेला होता. मले ते दिसलं नाही, पण दुसरं काय पुसणार.

साहेबायनं घसा साफ केला. "बरं. मी एक साधाच प्रश्न विचारतो. पाण्याचा अणू कशाकशाचा बनते?"

हेडमास्तरनं श्वास सोडला. प्रश्न खरंच साधा होता. पण वर्गातले बाक करकरले. मी सरायकडं पाह्यलं, नुसती आकृती दिसत होती, मान तिरपी झालेली. आता हा पुण्याचा साहेब 'पाण्याचा अणू' म्हणून राह्यला. नवीन पुस्तकात पाण्याले अणूच नाही. म्हणजे फास टाकलेला. हो म्हटलं तं वर्ग जाते, चुकलं म्हटलं तं साहेबाचा अपमान.

पहिल्या बाकावरची शांती तायडे उठली. वर्गात तीन पोरी, त्यातली ही सगळ्यात कमी बोलणारी. म्हणाली, "साहेब, हा अणू कोणत्या गावचा?"

"म्हणजे?"

"नागपूरचा असंन तं हायड्रोजनचे दोन परमाणू अन् ऑक्सिजनचा एक. पुण्याचा असंन तं पाण्याले अणू नसते, रेणू असते. तुमचा कोणता?"

उन्हाच्या काठीत धूळ तेवढी नाचत होती. मंग साहेबाच्या बाजूनं एक आवाज आला. खोकला होता का हसू, अंधारात काही समजे ना. हेडमास्तरनं माह्या दंडाले इतकं घट्ट धरलं, की निळा डाग दोन दिवस राह्यला.

"पोते काढा," साहेब म्हणाले.

पोते निघाले. साहेब रुमालानं डोळे पुसत होते. म्हणाले, "माझा अणू वर्ध्याचा आहे बाई. तिथंच शिकलो. तोंडात बसलं ते जात नाही." मंग तिले विचारलं, "परीक्षेत काय लिहिशीन?"

"रेणू, साहेब. तिथी विचारणारा नवीन पुस्तकाचा असते."

वर्ग हसला. साहेबही हसले. ऑफिसात जाऊन चहा पिताना हेडमास्तरले म्हणाले, "वर्ग यायच्याकडंच राहू द्या. फक्त त्या भोकाले डांबर लावा, पोट्ट्यायच्या डोक्यावर पाणी गळत असंन." भाचा त्याच दुपारी एसटीनं परत गेला. मामाले भेटणं झालं असावं.

सरायले मी धावत जाऊन सांगितलं. वाटलं, खूश होतीन. ते कपाटाले कुलूप लावत होते. एक लावलं, ओढून पाह्यलं. दुसरं लावलं, ओढून पाह्यलं.

"इतक्यात सोडलं? काऊन?"

"साहेब खूश झाले, सर."

"काऊन झाले, हेच विचारून राह्यलो. पुण्याचा म्हणून येते अन् वर्ध्याचा निघते. मी ड्रायव्हरले विचारलं, साहेबाचं गाव कोणतं. तो म्हणे, मले काय माहीत, मी जीपचा हाव." सर मान तिरपी करून उभे राह्यले. मंग एकदम म्हणाले, "तू माही नक्कल करत असते."

मी कुलपाकडं पाहाले लागलो.

"कर. माह्यासमोर."

"सर, ते असंच आपलं."

"कर बे. मी दोन वर्षांनी जाईन. भाचा येईन, येवो. वर्ग त्याले भेटीन, पण विचारणारं कोणी शाळेत राह्यलं पाह्यजे. तू मराठीचा हायेस, पण विचाराले डिग्री लागत नाही."

मी मान तिरपी केली. उजवा डोळा बारीक केला. इतक्यांदा केली होती ही नक्कल, पण त्यायच्यासमोर पहिल्यांदाच. म्हटलं, "याचं गाव कोणतं? याचा बाप कोण?"

सरायनं ऐकलं. चार पावलं मागं सरले, फळ्यावरच्या नवीन शब्दाकडं पाहत तसं माह्याकडं पाह्यलं.

"आवाज माहाच हाय. शब्दही तेच. आतला माल पाहा लागीन."

खिशातून चुंबक काढलं अन् माह्या छातीवर, सदऱ्याच्या खिशाले लावलं. टक. चिकटलं.

"हं," ते म्हणाले. "लोखंड हाय थोडं."

चुंबक ओढून काढलं, खिशात टाकलं अन् करदोड्याच्या चाव्या चाचपत निघून गेले. माह्या खिशात पेन होता, त्याची पट्टी लोखंडी. मी त्यायले ते सांगितलं नाही. पण खिशात काय हाय हे पाह्यल्याशिवाय तो माणूस कुठीही चुंबक लावत नव्हता.